पाचारणाची परीक्षा

आज चैत्र शुद्ध नवमी. माध्यान्हीचा सूर्य माथ्यावर येताच गावोगावच्या राममंदिरांत गुलाल उधळला जाईल, पाळण्याची दोरी हलेल आणि सुंठवड्याचा प्रसाद हातोहाती फिरेल. आमच्या पंचवटीत तर या दिवशी पाय ठेवावयास जागा उरत नाही. गोदाकाठच्या एका लहानशा देवालयात रामजन्माचे कीर्तन करण्याची सेवा गेली अडतीस वर्षे माझ्याकडे आहे. त्यापूर्वी ती माझ्या वडिलांकडे होती.

रामनवमी हीच श्रीसमर्थ रामदासस्वामींचीही जन्मतिथी. म्हणून उत्तररंगात मी पुष्कळदा समर्थांच्या गृहत्यागाचे आख्यान लावतो. बारा वर्षांचा नारायण बोहल्यावर उभा आहे, मध्ये अंतरपाट धरला आहे, आणि भटजींच्या मुखातून निघालेला 'सावधान' हा शब्द त्या मुलाच्या कानी निराळ्याच अर्थाने पडतो. तो मांडवातून निघतो आणि नाशिकजवळच्या टाकळीस येऊन बारा वर्षे तपाला बसतो. ही कथा सांगताना श्रोत्यांचे डोळे पाणावतात. मांडवात तशीच उभी राहिलेली ती वधू, घरी वाट पाहणाऱ्या राणूबाई, यांच्याविषयी कोणी फारसे विचारीत नाही. मीही कधी सांगितले नाही. ज्याला हाक आली तो गेला, आणि ते योग्यच झाले, अशी आपली सर्वांची समजूत असते.

गेल्या रामनवमीस मात्र हे आख्यान सांगताना माझा कंठ मध्येच दाटला. पेटीवर नेहमी बसणारा माझा शिष्य त्या दिवशी तेथे नव्हता. त्याच्या घरून तो निघून गेला होता. आणि जाण्यापूर्वी त्याने मला जे सांगितले, त्याचा विचार करण्यातच माझे वर्ष गेले. हा विषय सणाच्या दिवशी, भाविक घरांत वाचल्या जाणाऱ्या या पानावर मांडावा की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. परंतु जी गोष्ट घराघरांत दार लावून, दबल्या आवाजात बोलली जाते, ती एकदा देवापुढच्या समईच्या उजेडात बोलावी, असेच शेवटी वाटले.

शिष्याचे बोल

माघातल्या एका संध्याकाळी तो आला. अकरा वर्षे तो माझ्याजवळ कीर्तन शिकत होता. गळा चांगला, पाठांतर उत्तम, संस्कृताची गोडी मनापासूनची. माझ्या मागे ही परंपरा हाच चालवील, असे मी चारचौघांत बोलूनही दाखविले होते. पाया पडून तो समोर बसला आणि म्हणाला, "बुवा, मला ख्रिस्ताचा उपदेशक होण्याचे पाचारण आले आहे. आपणास सांगितल्यावाचून पुढे पाऊल टाकवेना."

'पाचारण' हा त्या समाजातला रुळलेला शब्द. आपण ज्याला हाक किंवा अंतरीची ओढ म्हणू, तेच ते. शब्द मला ठाऊक होता. परंतु तो माझ्या घरात, माझ्या शिष्याच्या तोंडून ऐकावा लागेल, असे कधी वाटले नव्हते. खरे सांगावयाचे तर माझ्या तोंडून जो पहिला प्रश्न गेला, तो विद्वानास शोभणारा नव्हता. मी विचारले, "काय देऊ केले त्यांनी तुला?"

तो रागावला नाही. त्याने सांगितले, की देऊ केलेले काहीच नाही. उलट तीन वर्षांच्या शिक्षणासाठी हातची नोकरी सोडावी लागणार आहे. मग त्याने आपल्या वडिलांच्या दुखण्याची हकीकत सांगितली. त्याचे वडील पाच महिने रुग्णालयात पडून होते. शेजारच्या खाटेवरील रुग्णास भेटावयास एक वृद्ध मराठी पाळक येत. ते याच्या वडिलांपाशीही बसू लागले. पाणी पाजीत, कूस पालटीत, रात्री हा थकला की जागत. धर्माची गोष्ट त्यांनी स्वतःहून एकदाही काढली नाही. वडील गेल्यानंतर यानेच त्यांच्याकडून नवा करार मागून घेतला. त्यातील डोंगरावरील प्रवचन त्याने पुनःपुन्हा वाचले आणि त्याच्या मनात एक गोष्ट घर करून राहिली. आपण जे मांडवात शेकडो लोकांपुढे गातो, ते एखाद्याच्या खाटेपाशी बसून सांगावे, असे त्याला वाटू लागले. आणि ज्याच्या नावाने ते पाळक बसत, त्याच्याच नावाने सांगावे, असेही.

मी मनात आठवू लागलो. त्या पाच महिन्यांत मी रुग्णालयात किती वेळा गेलो होतो? एकदा. अंगारा लावला, प्रसाद दिला, आणि सप्ताह चालू असल्यामुळे पाव तासात निघालो.

नाशिकचाच एक नारायण

तो गेल्यावर मला रात्रभर आठवत राहिला तो आमच्या नाशिकातच शिकलेला आणखी एक नारायण. नारायण वामन टिळक यांचा जन्म 1861 सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. आई गेल्यावर पोरक्या अवस्थेत ते नाशिकास आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृत विद्या संपादन केली. शीघ्रकवी म्हणून त्यांची ख्याती होती. वेदान्ताचे वाचन होते. जातिभेदाविषयी मनात तिटकारा होता. आणि देशाच्या उद्धारासाठी नवा धर्मच शोधावा लागेल, अशी तळमळ होती. नागपूरहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली, ती हकीकत प्रसिद्ध आहे. पुढे 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आमिषाने धर्म बदलला असे म्हणणारास टिळकांचे चरित्र अवघड जाते. त्यांचे नातलग तुटले, मित्र दुरावले, पत्नी आणि लहानगा दत्तू यांची ताटातूट झाली. लक्ष्मीबाई आमच्या नाशिकजवळच्याच जलालपूरच्या. त्यांचे वडील सोवळ्याच्या वेडापायी मीठ आणि साखरही धुऊन घेण्याच्या थरास गेलेले. अशा घरातल्या त्या माउलीवर काय कोसळले असेल! जवळजवळ पाच वर्षे पती-पत्नी वेगळी राहिली. पुढे त्या एकत्र आल्या. स्पर्शास्पर्शाचा आणि जातीचा आग्रह लक्ष्मीबाईंनी आपल्या बुद्धीने प्रथम सोडला आणि मग 1900 साली स्वतः बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' हा त्यांचा ग्रंथ 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाला. आज कोणत्याही मराठी घरात तो जिव्हाळ्याने वाचला जातो. ज्या घरांनी त्या काळी त्यांना पाणी दिले नसते, त्याच घरांच्या फडताळात आज त्यांचे पुस्तक आहे.

टिळक उपदेशक झाले म्हणजे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. अहमदनगरास त्यांनी अध्यापन केले, 1904 साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली, 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी 1912 पासून अखेरपर्यंत केले. परंतु त्यांनी उचलले काय? टाळ, अभंग आणि कीर्तन. ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा नगरकडे त्यांच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाली होती. टिळकांनी तिच्यात मराठी संतांचा जीव ओतला. तुकोबांच्याच वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. अखेरच्या वर्षांत तर 1917 साली मिशनचे वेतन सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती धरली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे जागा असावी, असा त्यांचा संकल्प होता. 9 मे 1919 रोजी ते निवर्तले. ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' त्यांनी आरंभिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. आमच्या परंपरेला सोडून गेलेला हा मनुष्य आमच्या परंपरेचीच भांडी घेऊन गेला आणि त्यांत नवे अन्न शिजवून लोकांना वाढीत राहिला.

संशय अगदीच निराधार नव्हे

येथे कोणी म्हणेल, शास्त्रीबुवा फारच उदार झाले. तसे नाही. भाविक हिंदू घराला 'ख्रिस्ती उपदेशक' हा शब्द ऐकताच जो चटका बसतो, त्यामागे इतिहास आहे. गोमंतकात सोळाव्या शतकात देवालये पाडली गेली; 1560 साली तेथे इन्क्विझिशन बसले आणि मधला अल्प खंड वगळता 1812 पर्यंत चालले. देव रातोरात पालख्यांतून खाडीपलीकडे नेणारे आपले पूर्वज होते. पुढे इंग्रजी अमदानीत आपल्या देवदेवतांची टवाळी करणारी चोपडी छापून बाजारात वाटली गेली. दुष्काळाच्या आणि दारिद्र्याच्या काळात कोणाच्या पोटासमोर धर्म ठेवावा, ही गोष्ट कोणत्याही पंथाने केली तरी निंद्यच होय. आपल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने सदसद्विवेकाचे आणि धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य दिले आहे. पण दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली स्पष्ट केले. तो कायद्याचा प्रांत झाला. माझा प्रश्न त्याहून लहान आणि त्याहून अवघड आहे. कोणी फसविलेले नाही, कोणी लाच दिलेली नाही, आणि तरीही घरातला शहाणा, सुशील मुलगा म्हणतो की मला हाक आली. अशा वेळी त्या घराने काय करावे?

पुष्कळजण येथे गीतेतील स्वधर्माचे वचन पुढे करतात. त्या वचनावर मी आयुष्यभर प्रवचने केली. म्हणून नम्रपणे सांगतो, की तेथील 'स्वधर्म' शब्दाचा अर्थ आज शिरगणतीच्या कागदावर लिहितात तो 'धर्म' नव्हे. रणांगणात उभ्या असलेल्या अर्जुनास त्याच्या वाट्याला आलेले, त्याच्या स्वभावाशी जुळणारे कर्तव्य भगवान सांगत आहेत. आपण आज ज्याला धर्म म्हणतो, त्यासाठी संस्कृतात मत, संप्रदाय, दर्शन असे शब्द वापरीत. जॉन म्यूर या स्कॉटिश गृहस्थाने 1839 साली ख्रिस्ती पक्ष मांडणारा संस्कृत ग्रंथ लिहिला, त्याचे नावही त्याने 'मतपरीक्षा' असेच ठेवले.

या ग्रंथाची पुढची कथा मोठी विलक्षण आहे. त्याचे खंडन करणाऱ्या पंडितांत काशीचे नीलकंठशास्त्री गोरे हे चित्पावन विद्वान होते. विशी गाठली न गाठली तोच त्यांनी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' हा ग्रंथ लिहून वैदिक पक्ष समर्थपणे मांडला. आणि ज्या पक्षाचे खंडन केले त्याच पक्षात ते स्वतः 1848 साली जौनपुरास बाप्तिस्मा घेऊन गेले. 1870 साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्यातही त्यांच्या लेखनाचा वाटा होता. तरी 1895 साली देहावसान होईपर्यंत शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही, असे त्यांचे चरित्र सांगते. मला यातून दोन गोष्टी दिसतात. कितीही शास्त्र पढविले तरी अंतरीची हाक अडत नाही. आणि हाक आली म्हणजे सर्व प्रश्न सुटले असेही होत नाही.

चार प्रश्न

दुसऱ्या दिवशी मी शिष्यास पुन्हा बोलावले. कठोपनिषदातील यमधर्म नचिकेत्यास लगेच ज्ञान देत नाही. आधी संपत्ती, दीर्घायुष्य, भोग यांचा मोह दाखवून त्याची कसोटी पाहतो. आपल्याकडे वैराग्यही पारखून घेण्याची रीत आहे; स्मशानवैराग्य आणि खरे वैराग्य यांत शास्त्रकारांनी भेद केला आहे. म्हणून मी त्याला चार प्रश्न विचारले. ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल, त्यांनाही ते उपयोगी पडावेत म्हणून येथे लिहितो.

पहिला प्रश्न : ही ओढ वडिलांच्या शोकातून आली आहे काय? शोक ओसरल्यावर उरेल काय? तो म्हणाला, "मला ठाऊक नाही. म्हणून वर्षभर बाप्तिस्मा घेणार नाही, असे मीच त्या पाळकांना सांगितले, आणि त्यांनीही तेच सुचविले." हे उत्तर मला प्रामाणिक वाटले.

दुसरा प्रश्न : तुला उपदेशकच का व्हावयाचे आहे? उद्या त्यांनी सांगितले, की बोलू नकोस, फक्त रुग्णालयात फरशी पूस, तर जाशील काय? हा प्रश्न मी मुद्दाम विचारला. ज्याला गळा आहे, ज्याला चार लोक माना डोलावतात, त्याला व्यासपीठाची चटक लागते, आणि ती चटक हाकेचा वेष सहज घेते; हे मला स्वतःवरून ठाऊक आहे. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "बुवा, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता. विचारतो."

तिसरा प्रश्न : आईस सांगितलेस काय? टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्याची बातमी लक्ष्मीबाईंना नंतर कळली, आणि त्या एका गोष्टीची किंमत दोघांनीही वर्षानुवर्षे दिली. देवाची हाक चोरपावलांनी ऐकावयाची नसते. त्याने आईस सांगितले नव्हते. त्या रात्री सांगितले.

चौथा प्रश्न : ज्या रामाची तू अकरा वर्षे सेवा केलीस, त्याच्याविषयी उद्या वेदीवरून काय बोलशील? तो म्हणाला, "जे माझ्या आईच्या देव्हाऱ्यात आहे, त्याला मी खोटे म्हणणार नाही. मला जे मिळाले तेवढेच सांगेन." ज्याला आपल्या देवाचे गुण गाण्यासाठी दुसऱ्याच्या देवाची निंदा करावी लागते, त्याची हाक अजून कच्ची आहे, मग तो कोणत्याही पंथाचा असो.

उलटा प्रश्न

मग त्यानेच विचारले, "बुवा, राग मानू नका. आपल्याला कधी हाक आली होती?"

अडतीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी उत्तर देऊ शकलो नाही. वडिलांनी टाळ हातात दिले म्हणून मी कीर्तनकार झालो. गळा होता, पाठांतर होते, पोट भरत होते. नारदाच्या गादीवर उभा राहताना अंगावर रोमांच आले, असे प्रसंग आठवतात. पण आख्यान रंगात आले असता मनात बिदागीचा आणि परतीच्या गाडीचा हिशेब चालू होता, असे प्रसंगही आठवतात, आणि ते संख्येने अधिक आहेत. वारसा मिळणे आणि हाक येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वारसा लाभला म्हणजे हाक ऐकलीच असे नाही. आणि ज्याने स्वतः ती ऐकली नाही, त्याने दुसऱ्याची खोटी ठरवावी, याचा अधिकार त्याला कोठून?

माझे ऐका : आपल्या घरातून कोणी जातो, तेव्हा आपण प्रथम त्याला ओढून नेणाऱ्याचा शोध घेतो. शोध अवश्य घ्यावा. पण त्याबरोबर हेही पाहावे, की तो ज्याच्या शोधात गेला ते आपल्या घरात असूनही त्याच्यापर्यंत पोहोचले का नाही. माझ्या शिष्याने माझ्याकडून शेकडो आख्याने ऐकली. शबरीची बोरे, जटायूचे मस्तक मांडीवर घेऊन बसलेला राम, सर्व काही. परंतु त्याच्या बापाचे मस्तक मांडीवर घेऊन कोणी बसले, तर तो मी नव्हतो. ही रुखरुख कोणत्याही युक्तिवादाने जात नाही.

मी माझ्या देवापासून तसूभरही हललेलो नाही. ज्या रामाने मला एवढी वर्षे वाचा दिली, तो माझ्यासाठी पूर्ण आहे. शिष्य गेला याचे दुःखही खरे आहे. ते मी उदारतेच्या शब्दांखाली झाकणार नाही. परंतु संत बहिणाबाईंनी तुकोबांना गुरू मानले, तेव्हा ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राचा उपदेश घ्यावा काय म्हणून त्यांच्या पतीने त्यांना मारले; आणि आज आपण कोणाच्या बाजूने उभे राहून ती कथा सांगतो? हाक घराच्या मर्यादेत बसणारी असेल तरच ती खरी, असे आपल्याच संतांची चरित्रे सांगत नाहीत.

दारात उभा असलेला

आजच्या दिवसाला साजेसा एक प्रसंग वाल्मीकींच्या युद्धकांडात आहे. विभीषण आपले घर सोडून चार सोबत्यांसह रामाच्या छावणीपाशी येतो. सुग्रीव म्हणतो, हा कपटी आहे, याचा वध करावा. अंगद परीक्षा घ्यावी म्हणतो. शरभ हेर पाठवावे म्हणतो. जांबवान संशय घेतो. मैंद म्हणतो, त्याला गोडीने प्रश्न विचारावेत. हनुमंताचे मत निराळे. जो समोर येऊन, नाव सांगून उघडपणे उभा आहे, त्याच्यावर हेर कशाला? त्याचे बोलणे आणि त्याची मुद्रा पाहा. त्यांत कपट दिसत नाही. आपले घर लंका नव्हे आणि घर सोडणारा प्रत्येकजण विभीषण नव्हे, हे मी जाणतो. परंतु जो मुलगा गुरूपुढे आणि आईपुढे बसून सांगतो की मी असा असा जात आहे, त्याच्याशी कसे वागावे याचा पाठ मारुतिरायांनी या प्रसंगात घालून दिला आहे.

त्याची आई माझ्याकडे आली होती. पदराने डोळे टिपीत म्हणाली, "बुवा, नातलग म्हणतात, मेला समजून अंघोळ कर. मी काय करू?" मी त्या माउलीला म्हटले, "बाई, जिवंत मुलाची अंघोळ कोणत्याही शास्त्रात नाही. तुमचा देव्हारा तुमच्याजवळ ठेवा, त्यात तडजोड करू नका. पण त्याचे ताट मोडू नका. तो आला की विचारा, जेवलास का. आणि मग बाकीचे बोला." तिने तसे केले. तो महिन्या-दोन महिन्यांनी येतो. ती सांजवात लावते तेव्हा तो बाजूला शांत बसतो. दोघांच्याही मनात दुखते; पण ते दुखणे एका छपराखाली आहे.

गेल्या महिन्यात त्याचे पत्र आले. वर्ष सरले, पाचारण टिकून आहे, असे त्याने लिहिले आहे. माझ्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही दिले आहे : सुटीच्या दिवसांत तो एका रुग्णालयात रुग्णांची सेवा करतो; तेथे उपदेश करण्यास मनाई आहे, आणि तरीही जावेसे वाटते. पत्राच्या शेवटी विचारले आहे, रामनवमीस कीर्तन ऐकावयास आलो तर चालेल काय. देवालयाच्या मंडळींत यावर दोन मते झाली. मी त्यांना एवढेच सांगितले, की कीर्तनाच्या मांडवाला दार नसते. तो येईल, मागे कोठेतरी बसेल. मी आज समर्थांचेच आख्यान लावणार आहे. मात्र या वेळी मांडवात उभ्या राहिलेल्या त्या वधूचे आणि राणूबाईंचे दुःखही सांगणार आहे. जो जातो त्याची कथा आपण पुष्कळ सांगितली. जी मागे राहतात त्यांचीही सांगावयास हवी.

आणि उद्या सकाळी, सणाचा शीण उतरण्यापूर्वी, मी रुग्णालयात जाणार आहे. तेथे माझे ओळखीचे कोणी नाही. खाटेपाशी बसावयास ओळख लागत नाही, हे मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, माझ्या शिष्याकडून कळले. हीच माझ्यापुरती हाक असेल काय, ते रामराया जाणे. तो आपणा सर्वांस ऐकण्याची बुद्धी आणि घराचे दार उघडे ठेवण्याचे बळ देवो, एवढीच या शुभदिनी त्याच्या चरणी प्रार्थना.